ओल्या रानातला तहानलेला ऊस

(कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतील वार्षिक स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, ते विज्ञान शिकवायचे. म्हणून यंदा संयोजकांनी मला पेशीवर बोलायला सांगितलं. शिवाजी पेठेत उभं राहून इतिहास, कुस्ती आणि फुटबॉल सोडून चौथ्याच विषयावर तासभर बोलायचं म्हणजे तसं धाडसच.

विषय शाळेच्या पुस्तकात दीड-दोन पानांत उरकलेला असतो. पेशीच्या पटलातून पदार्थ आपोआप आत-बाहेर कसे जातात, हा तो विषय. विसरण आणि परासरण यांच्या दोन व्याख्या, पाण्यात टाकलेल्या मनुका फुगल्याचा एक प्रयोग, आणि शेवटी एक वाक्य : या क्रियेत पेशीला ऊर्जा खर्च करावी लागत नाही. माझं भांडण त्या शेवटच्या वाक्याशी आहे. ते खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण ते जिथं थांबतं तिथून पुढं खरी गंमत सुरू होते, आणि आपल्या जिल्ह्यापुरतं बोलायचं तर खरं नुकसानही तिथूनच सुरू होतं.

तुमच्यापैकी अनेकांचं रान शिरोळ, हातकणंगले या भागात असेल; नसेल तर पाहुण्यांचं असेल. नदीकाठची काळी जमीन. सरीत पाणी उभं आहे, माती बोटाला चिकटते आहे, आणि त्यातच ऊस मात्र पिवळा पडून शेंड्याकडून वाळत चाललाय. वरंब्यावर पांढरं मीठ फुटलंय. शेतकरी म्हणतो, पाणी कमी पडतंय, अजून एक पाळी देऊ. तो देतो, आणि ऊस आणखी वाळतो. पाण्यात उभं असलेलं पीक तहानेनं का मरतं, हे समजून घ्यायला पेशीच्या पटलापर्यंत जावं लागतं. म्हणून आधी तिकडे जाऊ.

उन्हाळ्यात घरोघरी लोणचं घालतात. कैरीच्या फोडींना मीठ-हळद लावून पातेलं झाकून ठेवलं की सकाळी तळाला पाणी सुटलेलं असतं. फोडी कुणी पिळलेल्या नसतात. बाहेर मीठ जास्त झालं, म्हणून फोडींच्या पेशींतलं पाणी बाहेर आलं. हे घडतं हे माणसाला हजारो वर्षं ठाऊक आहे. ते कोरडेपणानं लिहून ठेवण्याचं काम मात्र १७४८ मध्ये झां-आंत्वान नोले या फ्रेंच पाद्र्यानं केलं. त्यानं दारूचा अर्क भरलेल्या बाटलीच्या तोंडावर डुकराचं मूत्राशय घट्ट बांधलं आणि बाटली पाण्यात बुडवून ठेवली. काही तासांनी ते कातडं वर फुगून आलं. टाचणी टोचली तर आतून चिळकांडी उडाली. पाणी आत गेलं होतं, अर्क त्या मानानं बाहेर आला नव्हता. तो दुसऱ्याच प्रयोगासाठी बसला होता, हा आपला नशिबाचा भाग.

हे पाणी ढकलतं कोण? इथं बहुतेकांची समजूत फसते, कारण आपल्याला वाटतं की कुणीतरी ढकलत किंवा ओढत असणारच. समजा, पलीकडच्या गांधी मैदानावर मधोमध चुन्याची रेघ मारली. एका बाजूला हजार पोरं, दुसऱ्या बाजूला दहा, आणि सगळ्यांच्या डोळ्यांना पट्ट्या. प्रत्येकजण वाटेल तसा चालतोय, धडकतोय, वळतोय. कुणालाही कुठं जायचं नाही. तरी थोड्या वेळानं दोन्ही बाजूंना साधारण पाचशे-पाचशे पोरं होतील. कारण सरळ आहे : हजारांच्या बाजूनं चुकून रेघ ओलांडणारे जास्त, दहांच्या बाजूनं कमी. प्रत्येक पोराची चाल आंधळी, पण गर्दीची चाल मात्र जास्तीकडून कमीकडे. याला विसरण म्हणतात; पडद्यातून पाणी असंच आपोआप जास्त मिठाच्या बाजूला जातं, ते परासरण. अडॉल्फ फिक यानं १८५५ मध्ये त्याचा नियम मांडला आणि १९०५ मध्ये आईनस्टाईननं या आंधळ्या चालीचं गणित केलं.

त्या गणितातली एक गोष्ट आपल्या कामाची आहे. अंतर दहापट झालं तर वेळ दहापट नव्हे, शंभरपट लागतो. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजनसारखा छोटा रेणू पेशीएवढं अंतर, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग, सेकंदाच्या विसाव्या हिश्शात कापतो. तोच रेणू एक सेंटिमीटर जायला अर्ध्या दिवसाहून जास्त घेतो, आणि मीटरभर जायला सोळा वर्षांच्या आसपास. पेशी एवढीशी का असते, आपल्याला रक्त आणि हृदय का लागतं, याचं बरंचसं उत्तर या एका हिशेबात आहे. आपोआप होणारी गोष्ट फक्त अगदी जवळच्या अंतरावर उपयोगाची.

आता रेघेऐवजी पडदा ठेवू. पेशीचं पटल सुमारे पाच नॅनोमीटर जाड असतं, म्हणजे अशी दोन लाख पटलं एकावर एक रचली तर एक मिलिमीटर भरेल. ते कशाचं बनलंय हे कुणी पाहण्याआधीच ओळखलं होतं. १८९० च्या दशकात झुरिकमध्ये चार्ल्स अर्नेस्ट ओव्हरटन नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं शेकडो रसायनं पेशींना देऊन पाहिली. तेलात सहज विरघळणारी भराभर आत जातात आणि न विरघळणारी बाहेर अडकतात, हे त्याच्या ध्यानात आलं. त्यावरून तो म्हणाला, हा पडदा चरबीसारख्या पदार्थाचा असला पाहिजे. पुढं १९२५ मध्ये लायडनला गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी तांबड्या रक्तपेशींतली चरबी काढून पाण्यावर एकेरी थरात पसरली. तिनं पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट जागा व्यापली. म्हणजे पटल दुहेरी. त्यांच्या मोजमापात दोन चुका होत्या, आणि त्या एकमेकींना छेद देऊन गेल्यामुळे उत्तर बरोबर आलं. विज्ञानात असंही होतं. परीक्षेत मात्र मार्क मिळत नाहीत.

या दुहेरी चरबीतून ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड बिनबोभाट जातात. साखर जवळजवळ जात नाही, आणि मिठातले विद्युतभारित कण तर नाहीतच. पाणी थोडं झिरपतं, पण पेशी ज्या वेगानं पाणी घेते-सोडते तो वेग नुसत्या झिरपण्यात बसत नव्हता. हे कोडं बरीच वर्षं पडून होतं. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पीटर ॲग्रे रक्तगटांच्या प्रथिनांवर काम करत होते. त्यांच्या नमुन्यात एक आगंतुक प्रथिन सारखं सापडायचं, आणि त्याचं काम काय ते कळत नव्हतं. १९९२ मध्ये त्यांच्या गटानं ते प्रथिन बनवण्याची सूचना बेडकाच्या अंड्यात सोडली. बेडकाचं अंडं तळ्याच्या गोड्या पाण्यात निवांत राहतं, फुगत नाही. ही अंडी मात्र पाण्यात टाकल्यावर फुगून फुटली. ती प्रथिनं म्हणजे पटलात बसलेल्या पाण्याच्या नळ्या होत्या. एका नळीतून सेकंदाला सुमारे तीन अब्ज रेणू जातात, तेही एकामागं एक, ओळीनं. ॲग्रे यांना यासाठी २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल वाटून मिळालं. या नळ्या आपल्या मूत्रपिंडात आहेत, डोळ्यात आहेत, आणि उसाच्या मुळातही आहेत. हे शेवटचं लक्षात ठेवा.

साखरेसाठीही अशाच वाटा आहेत, फक्त तिथं रेणू प्रथिनाला धरून पलीकडे उतरतो. आपल्या स्नायूंत या वाटा एरवी पेशीच्या पोटात साठवलेल्या असतात. इन्शुलिनचा निरोप आला की त्या पटलावर येऊन बसतात आणि रक्तातली साखर आत उतरते. मधुमेहात बिघडतो तो हा निरोप. पेठेतल्या लोकांना आवडेल अशी गोष्ट म्हणजे स्नायू जोरात आकुंचन पावले तर इन्शुलिनच्या निरोपाशिवायही या वाटा वर येतात. जोर-बैठकांनी साखर उतरते ती नुसती जळून नव्हे. तिला आत यायला वाट मिळते म्हणूनही. तालमीतल्या वस्तादांना हे सांगायला कुणा नोबेलवाल्याची गरज नव्हती, पण कारण कळलेलं बरं.

एवढं सगळं झालं, आणि पेशीनं अजून एक पैसा खर्च केलेला नाही. पुस्तकातलं वाक्य इथपर्यंत खरं आहे.

पण विसरणाला उतार लागतो : एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी. डोळे बांधलेली पोरं पाचशे-पाचशे झाली की पुढं काही घडत नाही. पेशीच्या दोन्ही बाजू सारख्या झाल्या तर त्याला आपण मृत्यू म्हणतो. मग उतार टिकवतं कोण? आपल्या प्रत्येक पेशीच्या पटलात एक पंप बसलेला आहे. दर फेरीला तो सोडियमचे तीन कण बाहेर टाकतो, पोटॅशियमचे दोन आत घेतो आणि त्यासाठी ऊर्जेचा एक रेणू मोडतो. डेन्मार्कच्या येन्स स्को यांनी १९५७ मध्ये तो दाखवून दिला. नोबेल मिळायला १९९७ उजाडलं. तुम्ही आत्ता खुर्चीत स्वस्थ बसून माझं ऐकताय, तरी तुमच्या शरीराच्या खर्चातला साधारण पाचवा हिस्सा फक्त या पंपावर जातोय. तो बंद पडला तर सोडियम आत साचतं, त्यामागं पाणी येतं आणि पेशी फुगते. म्हणजे आपोआप होणाऱ्या प्रत्येक गोष्टीमागं कुठंतरी कुणीतरी राबत असतं. बिल वेगळ्या खात्यावर पडतं, एवढंच.

दवाखान्यातलं सलाईन घ्या. शिरेतून नुसतं शुद्ध पाणी सोडलं तर तांबड्या पेशी पाणी पिऊन फुटतील. फार खारट सोडलं तर आक्रसतील. म्हणून १०० मिलिलिटर पाण्यात ०.९ ग्रॅम मीठ, रक्ताशी जुळेल इतकंच. हगवणीत देतो त्या मीठ-साखरेच्या पाण्याचंही तसंच. आतड्याच्या पेशी सोडियमच्या उताराच्या जोरावर सोडियम आणि ग्लुकोज जोडीनं आत घेतात, आणि पाणी त्यांच्या मागोमाग आपोआप येतं. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला, तेव्हा डॉ. दिलीप महालनबिस यांनी या साध्या पाण्यावर असंख्य जीव वाचवले. पाणी आपोआप येतं, पण तो सोडियमचा उतार आतड्याच्या पेशींतल्या त्याच पंपानं आधी करून ठेवलेला असतो.

आता रानात येऊ.

उसाच्या मुळाच्या पेशीत क्षार आणि साखर विरघळलेली असते. मातीतलं पाणी त्या मानानं पातळ. म्हणून पाणी आत येतं. वरून ऊन पानांतलं पाणी उडवत असतं, तीही ओढ असते. पाण्यापुरता मुळाला वेगळा खर्च नाही. आता मातीतच क्षार वाढले की उतार कमी होतो. शेतीशास्त्रात जमिनीच्या अर्काची विद्युतवाहकता मोजतात. ती ४ डेसिसायमनच्या वर गेली की जमीन क्षारयुक्त समजायची. त्या ४ ला मातीतलं मीठ पाण्याला सुमारे दीड वातावरणाच्या दाबानं मुळाच्या उलट दिशेला ओढत असतं. आणि हा आकडा माती पूर्ण भिजलेली असतानाचा आहे. वाळत जाईल तसं मीठ तेवढंच राहतं आणि पाणी कमी होतं, म्हणजे ओढ आणखी वाढते. पाणी डोळ्यांना दिसतं, हाताला लागतं, पण उसाच्या हिशेबी ते नाहीच.

ऊस गप्प बसत नाही. तो आपल्या पेशींत आणखी पदार्थ साठवून उतार परत तयार करायला बघतो. पण त्याला ऊर्जा लागते, आणि ती येते त्यानंच बनवलेल्या साखरेतून. म्हणजे जी साखर खोडात साठायची, ती मुळाशी उतार राखण्यात खपते. १९७७ मध्ये मास आणि हॉफमन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी अनेक पिकांची खारटपणा सोसण्याची ताकद एकत्र मांडली. त्यात ऊस नाजूक निघाला. १.७ पर्यंत काही बिघडत नाही. त्यापुढं दर डेसिसायमनला उत्पादन जवळपास ६ टक्क्यांनी घटतं. म्हणजे ४ ला सातवा हिस्सा गेला, ८ ला तिसऱ्या हिश्शाहून जास्त गेला. अशा रानातल्या उसाचा गूळही खारट लागतो, मऊ राहतो, रवा नीट धरत नाही. १८९५ मध्ये शाहू महाराजांनी शाहूपुरी वसवून गुळाची बाजारपेठ उभी केली. तिथल्या जाणत्या व्यापाऱ्याला असा गूळ जिभेवर ठेवल्याबरोबर कळतो.

हे झालं मिठाचं. नुसत्या पाण्याचं दुखणं वेगळं आहे, आणि मला ते जास्त विलक्षण वाटतं. मुळाला श्वास घ्यायला ऑक्सिजन लागतो, आणि तो मातीच्या पोकळ्यांतल्या हवेतून विसरणानं येतो. त्या पोकळ्या पाण्यानं भरल्या की काम संपलं, कारण पाण्यात ऑक्सिजन हवेच्या सुमारे दहा हजारपट सावकाश पसरतो. आपला शेतकरी वाफसा आल्याशिवाय रानात पाऊल टाकत नाही, ते यासाठीच : माती ओलीही हवी आणि तिच्यात हवाही हवी. आता श्वास कोंडलेल्या मुळात काय होतं? ऊर्जा बनणं थांबतं आणि पेशीच्या आतलं द्रव आंबट होतं. आणि आंबट झालं की मघाच्या त्या पाण्याच्या नळ्या मिटतात. २००३ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी मोहरीच्या कुळातल्या एका छोट्या रोपट्यावर हे सिद्ध केलं. त्याच वर्षी ॲग्रेंना नोबेल मिळालं. म्हणजे पाणी आत येण्याला ऊर्जा लागत नाही हे खरं, पण ऊर्जा संपल्यावर पाणी यायची वाटच बंद होते. पुस्तकातल्या त्या वाक्याशी माझं भांडण का आहे, ते आता तुमच्या ध्यानात आलं असेल. पाण्यात उभ्या उसाची पानं सुकतात, आणि शेतकरी अजून एक पाळी देतो.

ही आपल्याच वाटेनं आलेली आपत्ती आहे. भोगावतीवर राधानगरीचं धरण शाहू महाराजांनी सुरू केलं. ते पूर्ण व्हायला स्वातंत्र्यानंतरचा काळ उजाडला. नद्यांवर बंधारे आले; अख्ख्या महाराष्ट्रात त्यांना 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा' म्हणतात, आणि त्याचा आपल्याला अभिमान आहे. पाणी उपसा संस्था आल्या, साखर कारखाने आले. पाणी आणायची सगळी व्यवस्था झाली, काढून द्यायची कुणी केली नाही. काळी जमीन निचऱ्याला मुळातच मंद. भूजल वर येतं, मीटर-दीड मीटरवर आलं की बारीक छिद्रांतून वर चढतं. उन्हानं पाणी उडून जातं आणि मीठ वर राहतं.

आणि हे आधी कुणाला कळलं नव्हतं असंही नाही. नीरा कालव्याच्या भागात जमिनी पाणथळ आणि खारट होऊ लागल्या, तेव्हा मुंबई इलाख्याच्या सरकारनं १९१६ मध्ये विशेष सिंचन विभाग काढला. पुढं त्याचीच खडकवासल्याची केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्था झाली. देशातल्या एवढ्या मोठ्या संस्थेचा जन्म रान बिघडण्यातून झाला, आणि तरी आपण तीच चूक पंचगंगेकाठी आणि कृष्णाकाठी पुन्हा केली.

उपाय काय? चोपण जमिनीत आधी जिप्सम लागतं, कारण तिथं सोडियम मातीच्या कणांना चिकटून बसलेलं असतं. जिप्सममधलं कॅल्शियम त्याला हटवतं. पण हटलेलं सोडियम जाणार कुठं? निचरा नसेल तर नुसतं जिप्सम टाकणं म्हणजे पैसे मातीत घालणं. खरा उपाय जमिनीखाली सच्छिद्र पाइप पुरून पाणी बाहेर काढण्याचा आहे. शिरोळला दत्त साखर कारखान्याच्या पुढाकारानं शेतकऱ्यांनी एकत्र येऊन हे काम हाती घेतलं. एकट्यानं ते होतच नाही, कारण पाइपाचं पाणी पुढच्या माणसाच्या बांधाखालून ओढ्यापर्यंत न्यावं लागतं, आणि बांधाचं भांडण या जिल्ह्यात पिढ्यान् पिढ्या चालतं. पाइप बसल्यावर पावसाचं गोडं पाणी क्षार खाली धुऊन नेतं, पोकळ्यांत हवा शिरते, वाफसा येऊ लागतो. काही रानांत सोयाबीन, गहू दिसायला लागले की मगच लोकांचा विश्वास बसतो.

एक प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण तो मला सुटलेला नाही. पाइपातून निघालेलं ते खारट पाणी ओढ्यात जातं, ओढा कृष्णेला मिळतो. महाराष्ट्रातला कृष्णेवरचा शेवटचा बंधारा राजापूरचा. तिथून पुढं कर्नाटक. पावसाळ्यात नदी भरून वाहते तेव्हा हे मीठ कुठल्या कुठं जातं. पण मार्च-एप्रिलमध्ये, बंधाऱ्यात पाणी तुंबवून ठेवलेलं असताना, खालच्या गावच्या उपसा मोटारी तेच पाणी पुन्हा उसाला चढवतात. तेव्हा उन्हाळ्यात बंधाऱ्याच्या पाण्याची विद्युतवाहकता दर पंधरवड्याला मोजून ती गावच्या चावडीवर लावावी, असं माझं म्हणणं आहे. मीटर खिशात मावतो. ज्यांच्या संस्थेच्या मोटारी नदीवर आहेत, त्यांनी जाताना मला भेटा. तो वापरायचा कसा ते दाखवतो.